कुंदाताईंची चुकलेली तिथी

वाळवंटात राहून पाखरं बघणारी बाई म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर गळ्यात भलीमोठी दुर्बीण, डोक्यावर टोपी आणि पायात जाडजूड बूट असलं काहीतरी येतं. कुंदा पाटणकर तसल्या नव्हेत. त्या सुती पंजाबी ड्रेस घालतात, ओढणीला सेफ्टी पिन लावतात आणि जेवणाच्या सुट्टीत दोन पोळ्या भराभर संपवून उरलेली वीस मिनिटं जबल अली बंदरातल्या एका गोदामामागच्या डबक्याशी घालवतात. डबकं म्हणजे डबकंच, त्याला तळं म्हणायला जीभ धजणार नाही. बागेच्या पाण्याची एक पाइपलाइन तिथे कित्येक वर्षं गळत होती. ती दुरुस्त करायचं काम दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकललं जायचं, आणि या आळसाच्या कृपेने तिथे चिखल, कमरेइतकी लव्हाळी आणि मधोमध वीतभर पाणी जमलं होतं. आळशी माणसांनी जगाचं कधी भलं केलं नाही असं म्हणणाऱ्यांनी ते डबकं एकदा पाहून यावं.

कुंदाताई त्या गोदामाच्या डॉक्युमेंटेशन विभागात एकोणीस वर्षं होत्या. कुठलं जहाज कधी लागणार, कुठला कंटेनर कधी सुटणार, त्याचे कागद त्यांच्या हाताखालून जायचे. पहाटे उठून डबे भरायचे, शारजाच्या अल नहदामधून पावणेसहाची कंपनीची बस पकडायची आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकून सातला घरी यायचं, असा त्यांचा दिनक्रम. नवरा अनिल विमा कंपनीत, मुलगी मिहिका अल ऐनला युनिव्हर्सिटीत, सुट्टीला घरी येणारी. अशा बाईला पाखरांचा नाद कसा लागला, तर तो दोष भिंतीवरच्या कॅलेंडरचा.

पुण्याहून दरवर्षी येणारं तिथी-वारांचं कॅलेंडर फ्रीजच्या बाजूला लटकायचं. पुण्यात त्या चौकोनांत दुधाच्या खुणा पडतात, इस्त्रीचे कपडे लिहिले जातात, कामवाल्या बाईचे खाडे मांडले जातात. इथे दूध सुपरमार्केटच्या कॅनमध्ये आणि कपडे मशीनमध्ये. त्यामुळे चौकोन महिनोन्‌महिने कोरे. कागदावरची रिकामी जागा बघून कुंदाताईंचा जीव कासावीस व्हायचा, नोकरीच तशी होती. मग एका आश्विनात बिल्डिंगखालच्या हिरवळीत तुरेवाला हुदहुद चोच खुपसत फिरताना दिसला, आणि त्यांनी वर येऊन त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं, 'हुदहुद. एकटाच.' पुढच्या आठवड्यात आणखी काही दिसलं. वर्षभरात चौकोन अपुरे पडायला लागले तेव्हा त्यांनी दोनशे पानी वही काढली.

त्या वहीत वाळवंटाचं अख्खं वर्ष होतं. लोक म्हणतात इथे दोनच ऋतू, उन्हाळा आणि कडक उन्हाळा. असं म्हणणारी माणसं पार्किंगमधून लिफ्टमध्ये आणि लिफ्टमधून एसीत जातात, त्यांना काय कळणार? दसऱ्याला कुंदाताई बागेतल्या घाफच्या झाडाला हळदकुंकू वाहायच्या, कारण इथले लोक ज्याला घाफ म्हणतात ती आपली शमी, हे त्यांनी पानं हातात घेऊन पक्कं केलं होतं. कार्तिकात खाडीवर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरायचे. पौषात गोदामाच्या धक्क्यावर धोबी पक्षी शेपट्या हलवत हिंडायचे, आणि फोर्कलिफ्ट अंगावर आली तरी दोन पावलं सरकून पुन्हा तिथेच. पाऊस पडलाच तर माघात रस्त्याकडेच्या वाळूवर बोटभर हिरवळ उगवायची आणि आठ दिवसांत वाळून जायची. वैशाखात खजुरीचे घड जड व्हायचे. आषाढात हवा इतकी दमट की दाराबाहेर पाऊल टाकताच चष्मा आंधळा, आणि बगळे चोची उघड्या टाकून उभे. त्या दिवसांत वहीत एकच ओळ असायची, 'कोणी नाही. मीही लगेच आत आले.'

मिहिकाला या वह्यांचं कौतुकही होतं आणि हसूही यायचं. ती इंग्रजी साहित्य शिकत होती. एकदा वही चाळताना म्हणाली, "आई, यू आर लाइक अ व्हिक्टोरियन लेडी. दे ऑल्सो केप्ट नेचर डायरीज, यू नो. फर्स्ट स्वॉलो, फर्स्ट प्रिमरोज, द होल इयर."

"त्यांच्याकडे स्वयंपाकाला बाई होती का गं?"

"ऑफ कोर्स. मेनी."

"मग माझी डायरी जास्त खरी," कुंदाताई म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

फक्त एक गोष्ट त्या व्हिक्टोरियन बायकांनी केली नसती. कुंदाताई नोंदी तिथीने लिहायच्या. ऑफिसात दिवसभर इंग्रजी तारखा लिहून हात दुखायचा, निदान घरच्या वहीत तरी चैत्र-वैशाख असावेत असं त्यांना वाटायचं. अनिलने विचारलं तेव्हा त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, "पाखरांना कुठे इंग्रजी तारखा कळतात?" पाखरांना वद्य त्रयोदशी तरी कळते का, हा प्रश्न अनिलरावांना सुचला नाही, आणि सुचला असता तरी त्यांनी विचारला नसता. तीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतोच.

डबक्यातले त्यांचे लाडके म्हणजे शेकाटे. काळे पंख, पांढरंशुभ्र पोट आणि दुसऱ्या कुणाचे तरी उसने आणल्यासारखे लांबलचक गुलाबी पाय. शेकाट्यांची एक जोडी दरवर्षी डबक्याच्या काठी चिखलात घरटं करायची. पहिलं अंडं दिसलं की कुंदाताई ती तिथी लाल पेनाने लिहायच्या. तीन वर्षांच्या तीन लाल ओळी होत्या. पहिल्या वर्षी चैत्र शुद्ध सप्तमी. दुसऱ्या वर्षी चैत्र वद्य तृतीया. तिसऱ्या वर्षी चैत्र वद्य त्रयोदशी. कुंदाताईंनी बोटांवर मोजलं, मग परत एकदा मोजलं. दरवर्षी दहा-अकरा दिवस उशीर होत होता. उन्हं वाढली, हवामान बिघडलं, बिचाऱ्या पाखरांचं वेळापत्रक कोलमडलं, असा त्यांचा निष्कर्ष झाला. जानेवारीत तिथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी यावर दहा मिनिटं भाषणही ठोकलं. टाळ्या पडल्या. मंडळातल्या सगुणावहिनींनी तर डोळ्याला पदर लावला.

त्याच आठवड्यात गोदामाचे फॅसिलिटी मॅनेजर खैरुद्दीनभाई चहाचा कप घेऊन त्यांच्या टेबलाशी आले. मूळचे मलबारकडचे, कामाला वाघ, पण मनाने वाईट नाहीत. जहाज बंदराला कधी लागणार त्या अंदाजाला तिथे सगळे ईटीए म्हणतात. खैरुद्दीनभाई म्हणाले, "मॅडम, आपके चिड़िया का ईटीए क्या है? वो लंबा पैरवाला, जो पीछे पानी में अंडा देता है."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ऑफिसातल्या कोणी पाखरांची चौकशी केली होती. कुंदाताई खुलल्या. नव्या कॅलेंडरात त्यांनी हिशेब करून ठेवलाच होता. मागच्या वर्षीची तिथी अधिक अकरा दिवस, म्हणजे वैशाख शुद्ध नवमी. "तेरा मे," त्या म्हणाल्या. "लिहून ठेवा."

खैरुद्दीनभाईंनी खरंच लिहून ठेवलं. "थँक यू मॅडम. उधर ट्रेलर पार्किंग बनाना है, पूरा भर के लेव्हल करना है. मैंने मई एंड रखा था. लेकिन कंपनी का रूल है, अंडा दिख गया तो काम बंद, बच्चा उड़ने तक. मेरा प्रोजेक्ट फँस जाता. अभी पंद्रह अप्रैल को कर देता हूँ. चिड़िया आने के पहले खलास. किसी का नुक़सान नहीं."

त्या दिवशी बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि त्यांना काही म्हणजे काही दिसलं नाही. डबकं आपण स्वतःच्या तोंडाने घालवलं, ही गोष्ट त्यांना गिळवेना.

"पण तू तारीख सांगितलीस कशाला?" घरी अनिलने विचारलं.

"त्यांनी विचारली."

"विचारली म्हणून लगेच सांगायची?"

"अहो, एकोणीस वर्षं कोणी तारीख विचारली की सांगायची, हेच तर माझं काम आहे," असं म्हणून त्या रडल्या. अनिलरावांनी मग त्या दिवशी भांडी घासली. दुःखात नवरे एवढंच करू शकतात, आणि ते काही कमी नाही.

पुढचे दोन महिने कुंदाताईंनी हातपाय हलवून पाहिले. कंपनीच्या पर्यावरण विभागात हम्माद नावाचा तरुण अधिकारी होता, रास अल खैमाचा, घरची खजुरीची बाग असलेला. लहानपणी घरी हिंदी सिनेमे बघून हिंदी फडाफडा बोलायचा. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मिसेस कुंदा, रूल अंडे का है, पानी का नहीं," तो म्हणाला. "अंडा दिखाओ, मैं पूरा जबल अली रोक देगा. पानी के लिए मेरे हाथ में कुछ नहीं." त्यात त्याची काही चूक नव्हती. मे महिन्यात येणारं अंडं एप्रिलमध्ये दाखवायचं कुठून?

गुढीपाडवा सहा एप्रिलला आला. बाल्कनीत गुढी उभारताना कुंदाताईंना डबक्याचे नऊ दिवस उरलेत एवढंच दिसत होतं. आणि मग नऊ एप्रिलला, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी जे पाहिलं त्याने हातातली पाण्याची बाटली खाली पडली. शेकाट्याची मादी काठच्या चिखलात छाती टेकवून गोल गोल फिरत खळगी पाडत होती. नर बाजूला उभा राहून काड्या आणि खडे चोचीने मागे फेकत होता. ती खळगी कसली, हे कुंदाताईंना कुणी सांगायला नको होतं. घरटं चाललं होतं, महिनाभर आधी.

त्या तशाच हम्मादच्या केबिनमध्ये गेल्या. "मिस्टर हम्माद, इस साल पक्षी एकदम जल्दी आ गए. हर साल ग्यारह दिन लेट होते थे, इस साल एक महीना पहले. कुछ तो भयंकर हो गया है."

"हर साल कितना लेट?" हम्मादने विचारलं.

"ग्यारह दिन. बरोबर ग्यारह. मेरे पास लिखा है."

हम्मादने पेन खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं आणि ते आवरायचा त्याचा प्रयत्न काही जमेना. "ये आप कौन से कॅलेंडर में लिखते हैं?"

"हमारे. चाँद के."

"मिसेस कुंदा," तो म्हणाला, "अगले महीने रमज़ान है. पिछले साल से ग्यारह दिन पहले आएगा. उसके पिछले साल से बाईस दिन पहले. तो क्या हमारा खजूर लेट हो गया? खजूर तो अपने टाइम पे पकता है. भागता तो चाँद है. मेरे वालिद रमज़ान देख के खजूर पे नहीं चढ़ते. वो सुहैल तारा देखते हैं और वहाँ से दिन गिनते हैं."

कुंदाताई खुर्चीत बसल्या. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवस लहान. पाखरं उशिरा येत नव्हती, तिथीच दरवर्षी पुढे पळत होती. आणि तीन वर्षं पळाली की तिला मागे ओढून जागेवर आणायला आपल्याकडे काय असतं? अधिक महिना. मागच्याच वर्षी अधिक ज्येष्ठ होता. कुंदाताईंनी स्वतःच्या हातांनी तेहतीस अनारसे तळून मंडळातल्या जावयांना वाटले होते. अनारशाची जाळी कशी पडली हे त्यांना अजून आठवत होतं, पण तो अख्खा महिना त्या हिशेबात साफ विसरल्या होत्या. वर भाषण ठोकलं ते संक्रांतीला, जो सण दरवर्षी तोच सूर्य बघून त्याच तारखेच्या आसपास येतो आणि चंद्राला विचारतसुद्धा नाही. दिवाळी पुढेमागे होते हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण माणसाला एकदा आपली वही शहाणी वाटायला लागली की डोळे उघडे ठेवून खड्ड्यात जाता येतं.

त्यांना लाज वाटली, भयंकर लाज वाटली. आणि त्या लाजेच्या पोटातून, एक-दोन मिनिटांनी, एवढा आनंद वर आला की त्या हम्मादसमोरच हसायला लागल्या.

परतीच्या बसमध्ये त्यांनी मोबाइलवर जुन्या वर्षांची पंचांगं शोधून काढली आणि तीन लाल ओळींसमोर इंग्रजी तारखा लिहिल्या. तेरा एप्रिल. चौदा एप्रिल. चौदा एप्रिल. जबल अलीच्या बंदरात एकोणीस वर्षांत एवढं वेळेवर एकही जहाज लागल्याचं त्यांना आठवेना. यंदाची चौदा एप्रिल म्हणजे रामनवमी. आणि यंत्र येणार पंधराला.

"एक अंडा काफी है," हम्मादने सांगितलं होतं. "फोटो, टाइम के साथ. लेकिन पंद्रह से पहले."

दहा तारखेला खळगी रिकामी. अकराला रिकामी. बाराला वारा सुटला, वाळू उडाली आणि नर-मादी दोघं लव्हाळ्यात दडून बसली. तेराला सुट्टी होती. अनिलने गाडी काढली आणि दोघं मागच्या रस्त्यावर, कुंपणाबाहेर जिथून डबकं दिसतं तिथे, दोन तास एसी लावून बसली. अंड्याचा पत्ता नाही. खळगीच्या काठावर आता खड्यांची छान किनार झाली होती, पण किनारीचा फोटो दाखवून काम थांबत नसतं. त्या दिवशी कुंदाताईंना जेवण गेलं नाही. खैरुद्दीनभाईंना त्यांनी चारदा फोन लावला. सुट्टीच्या दिवशी ते फोन उचलत नाहीत आणि मेल बघत नाहीत, हा त्यांचा नियम अख्ख्या ऑफिसला ठाऊक होता.

रामनवमीलाही सुट्टीच होती. मिहिका अल ऐनहून आली होती, तिच्याकडे लांबचं टिपणारा कॅमेरा होता. सुंठवड्याचा डबा मांडीवर घेऊन कुंदाताई पुढच्या सीटवर बसल्या. सकाळी नऊपासून तिघं गाडीत. मादी खळगीपाशी यायची, उभी राहायची, निघून जायची. सव्वाअकराला ती आली आणि बसली. यावेळी उठली नाही.

"बारा वाजत आले," अनिल म्हणाला. "रामजन्माची वेळ झाली आणि आपण इथे रस्त्यावर."

"आपणही जन्माचीच वाट बघतोय ना," कुंदाताई म्हणाल्या. त्यांची नजर हलली नाही.

अकरा बावन्नला मादी उठली, दोन पावलं बाजूला झाली आणि मान वळवून खाली बघायला लागली. खळगीत एक अंडं होतं. चिखलाच्याच रंगाचं, वर शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके.

"गॉट इट," मिहिका म्हणाली. "आई, गॉट इट. आई, व्हाय आर यू क्राइंग?"

कुंदाताईंनी सुंठवड्याचा डबा उघडला, चिमूटभर नवऱ्याच्या हातावर ठेवला, चिमूटभर मुलीच्या, आणि मग फोटो हम्मादला पाठवला. पाच मिनिटांत त्याचा निरोप आला. 'मबरूक! मुबारक हो! वर्क स्टॉप, खलास. लेटर खैरुद्दीन को अभी भेजता हूँ.' अनिल म्हणाला, चला, जिंकलीस. कुंदाताईंनाही तसंच वाटलं. पण सुट्टीच्या दिवशी पाठवलेलं पत्र सुट्टीच्या दिवशी वाचलं जात नाही, ही साधी गोष्ट आनंदाच्या भरात तिघंही विसरली.

पंधराला सकाळी बस गोदामाच्या आवारात शिरली तेव्हा मागून यंत्राचा आवाज येत होता. मातीचे ढीग लोटणाऱ्या त्या मोठ्या पिवळ्या यंत्राला तिथे शेवल म्हणतात. शेवलचं काम सकाळी सहालाच सुरू झालं होतं, उन्हाआधी उरकावं म्हणून. कुंदाताई बसमधून उतरल्या त्या पळतच सुटल्या. चोपन्न वर्षांची बाई, एका खांद्यावर पर्स, दुसऱ्या हातात डबा, ओढणीची पिन निघालेली. शाळेनंतर त्या कधी पळाल्या नव्हत्या, आणि त्या दिवशी मात्र त्यांना दम लागला नाही. डबक्याच्या पलीकडची लव्हाळी केव्हाच सपाट झाली होती. शेवलचं दातेरी फावडं पाण्याच्या काठाला टेकलं होतं. शेकाट्यांची जोडी यंत्रावर किंचाळत झेपावत होती, दोन मुठींएवढी पाखरं त्या धुडावर.

कुंदाताई खळगीच्या अलीकडे, यंत्राच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या. शेवल थांबलं. वर बसलेला हमीद, पेशावरकडचा म्हातारा ड्रायव्हर, खाली वाकून ओरडला, "मॅडम, हटो! लग जाएगा!"

"अंडा है," कुंदाताई म्हणाल्या. "भाईसाब, इधर अंडा है."

हमीदने इंजिन बंद केलं. खाली उतरून खळगीपाशी न जाता लांबूनच त्याने बघितलं, दाढी खाजवली आणि म्हणाला, "तो पहले बोलना था ना. अंडे पे मैं गाड़ी चढ़ाएगा क्या?" आणि तो सावलीत जाऊन बसला.

तोवर खैरुद्दीनभाई धावत आले. मागे बसमधली माणसं, अकाउंट्सवाले, स्टोअरवाले, सगळे. खैरुद्दीनभाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. "मॅडम, ये क्या है? आपने खुद बोला था, तेरा मई. मैंने आपके बोलने पे प्रोग्रॅम चेंज किया. आपका डेट तो कभी गलत नहीं होता."

सगळ्यांनी कुंदाताईंकडे पाहिलं. अशा वेळी माणूस हवामानावर ढकलतो, नाहीतर गप्प बसतो. कुंदाताईंनी पर्स खांद्यावर नीट केली. "गलत हुआ," त्या मोठ्याने म्हणाल्या, अगदी मागच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या. "मेरा डेट गलत हुआ. मैं एक पूरा महीना भूल गई. चिड़िया नहीं भूली. वो हर साल चौदा अप्रैल को आती है, मेरे पास चार साल का रेकॉर्ड है. अब आप मेल देखिए."

खैरुद्दीनभाईंनी मोबाइल काढला. हम्मादचं पत्र वाचलं. परत वाचलं. मग ते खळगीकडे गेले, चार हात लांब थांबले, आणि त्यांच्या डोक्यावर शेकाट्याने अशी काही झेप घेतली की ते टोपी धरून खाली बसले. मागचे सगळे हसले. ते स्वतःही हसले. "यल्ला हमीद," ते उठून म्हणाले, "वापस ले लो. रिव्हर्स, रिव्हर्स. पानी का पाइप भी मत बंद करना."

चार दिवसांत चार अंडी झाली. हम्मादने आपल्या अहवालाला कुंदाताईंच्या वहीतली पानं जोडली. तिथींसमोर आता इंग्रजी तारखा होत्या आणि मिहिकाने केलेलं भाषांतर होतं. आषाढातली 'मीही लगेच आत आले' ही ओळसुद्धा तिने इमानेइतबारे इंग्रजीत नेली होती. वरच्या साहेबांनी तो अहवाल वाचला. एका जागेची सलग चार वर्षांची नोंद कंपनीत कुणाकडेच नव्हती, मोठ्या पगाराच्या सल्लागारांकडेही नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात निर्णय आला. ट्रेलर पार्किंग पश्चिमेच्या मोकळ्या जागेत जाईल. डबक्याभोवती कुंपण घातलं जाईल आणि गळक्या पाइपला रीतसर नळ बसवून ते पाणी तिथेच सोडलं जाईल. आणि दर महिन्याची नोंद मिसेस कुंदा पाटणकर ठेवतील, ऑफिसच्या वेळात.

पत्र हातात पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कुंदाताई अल नहदाच्या दुकानातून दोन किलो पेढे घेऊन बसमध्ये चढल्या. रमजान चालू होता, म्हणून रोजे असणाऱ्यांसाठी त्यांनी वेगळ्या डब्या बांधून आणल्या होत्या, इफ्तारला खायला. हम्मादच्या टेबलावर एक, खैरुद्दीनभाईंच्या टेबलावर एक, हमीदसाठी एक. जेवणाच्या सुट्टीत त्या डबक्याशी गेल्या तेव्हा खैरुद्दीनभाई आणि हमीद आधीच गोदामाच्या भिंतीला टेकून उभे होते. चिखलात चार दिवसांची चार पिल्लं, अंगापेक्षा पाय मोठे, तोल सांभाळत धावत होती.

"मॅडम, मिठाई काहे की?" हमीदने विचारलं. "बेटी की मँगनी हुई क्या?"

"नहीं," कुंदाताई म्हणाल्या. "आज तेरा मई है ना. मेरा डेट गलत निकला, उसकी."